कानबाईच्या वाट्याच्या गोळ्या

डॉक्टरांनाच ठाऊक नाही की ते कोणतं औषध देताहेत, हे ऐकलं तेव्हा मी पिशवी उचलून चालायला लागले होते. धुळ्याच्या एका दवाखान्यात दारू सोडवण्याच्या नव्या गोळीची चाचणी चालू होती. तिथल्या ताईंनी आम्हा नवराबायकोला समोर बसवून सगळं समजावलं. काही जणांना खरी गोळी मिळणार, काहींना हुबेहूब तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली. कोणाला कोणती, हे ना घेणाऱ्याला माहीत ना देणाऱ्या डॉक्टरांना. नेहमीचे उपचार सगळ्यांचेच चालू राहतील, आणि वाटलं तर मधूनच सोडताही येईल. मी म्हटलं, "म्हणजे आम्ही बसमध्ये बसायचं आणि ड्रायव्हरलाच गाव माहीत नाही!" ताई हसल्या. आमचे हे मात्र सही करून मोकळे झाले. त्याआधी दोनदा भरती करून झालं होतं, नवस बोलून झाले होते, गळ्यात माळ घालून ती उतरवूनही झाली होती. माझी श्रद्धा तेव्हा नावापुरतीच उरली होती. सासूबाईंचं मन राहावं म्हणून दिवा लावायचे, एवढंच.

हा माणूस मुळात असा नव्हता. लग्नानंतरचा पहिला श्रावण मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. दोंडाईचाजवळच्या आमच्या गावी खानदेशची देवी कानबाई बसायची. देवी म्हणून तिचा नारळ जरीच्या खणात नटवायचा, नथ घालायची, आणि त्याआधी घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घेऊन प्रसादाच्या रोटाचे गहू मोजायचे. मुंबईपासून सुरतेपर्यंत पांगलेली भावकी त्या दोन दिवसांसाठी एका ओट्यावर यायची. हे रात्रभर ढोलकी वाजवायचे आणि बायकांची गाणी त्यांच्याहून मोठ्यानं म्हणायचे. मी नवी नवरी, पदराआडून हसून हसून बेजार. पुढे कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी लागली, संगत लागली, आणि ढोलकी माळ्यावर गेली. कितीतरी श्रावण असे गेले की हे कुठे पडलेत हे कुणालाच माहीत नसायचं. तरी सासूबाई, आमच्या अक्का, दरवर्षी यांच्या नावाचे गहू मोजायच्या. ते बघवत नसे मला.

गोळ्या सुरू झाल्या आणि हळूहळू घरात पुन्हा माणसासारखा माणूस वावरू लागला. सकाळी चहा मागायचा, भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरायचा. त्या कुरकुरीचंही मला कोण कौतुक! पण मनातून भीती जात नव्हती. गोळी रिकामी असली तर? हे सगळं उद्याच ढासळलं तर?

श्रावण लागला आणि नेमकं तेव्हाच संकट आलं. तपासणीला जाताना उरलेल्या गोळ्यांची डबी परत न्यावी लागे. ताईंनी त्या मोजल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. पाच गोळ्या कमी भरल्या होत्या. जास्तीच्या खाल्ल्या का, कुणाला दिल्या का, असं त्यांनी चांगल्या शब्दांत विचारलं. रोज सांगितली तेवढीच घेतली, कुणाला दिली नाही, एवढंच हे पुन्हा पुन्हा सांगत राहिले. डॉक्टर म्हणाले, "जास्त खाल्ल्या असतील तर तुम्हाला धोका, दुसऱ्याने खाल्ल्या असतील तर त्याला. कारण कळेपर्यंत नवी डबी देता येणार नाही." त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण आयुष्यभर खोटं बोललेला माणूस पहिल्यांदा खरं बोलत होता, आणि ते कुणाला पटवता येत नव्हतं. हे उठले आणि तरातरा बाहेर निघून गेले.

मी मागे धावले. फाटकाबाहेर पडल्यावर डावीकडे दारूचं दुकान आहे, हे मला पक्कं माहीत होतं. बघते तर हे चहाच्या टपरीवर बसलेले, आणि शेजारी एक पांढऱ्या टोपीचे म्हातारे बाबा यांचं मनगट धरून. पहूरहून मुलाला घेऊन आले होते म्हणे. आतलं बोलणं त्यांच्या कानावर पडलं होतं; यांना दवाखान्यातून तसं निघताना त्यांनी पाहिलं आणि सरळ हात धरला.

"च्या घे भाऊ, मंग कोठी जायाचं तेठी जाय," बाबा म्हणत होते. "पन तू पेला, तं ते म्हनतीन का हा खोटाच व्हता. नाही पेला, तं तूच तुही साक्ष."

यांनी चहा घेतला. मग दुसरा घेतला. मी बाबांना नमस्कार करायला वाकले, तर ते गडबडीनं उठून आत मुलाकडे निघून गेले. नंतरच्या प्रत्येक तपासणीला मी त्यांना शोधलं, पण ते काही पुन्हा दिसले नाहीत.

कानबाईपर्यंतचे दिवस आम्ही गोळीविना काढले. हे धुसफुसत होते, पण पीत नव्हते. अक्कांना घेऊन गावी पोहोचलो. पूजेसाठी अक्कांनी घरून जपून आणलेला कानबाईचा नारळ लाल फडक्यातून सोडला, आणि फडक्यातून पाच पांढऱ्या गोळ्या पाटावर घरंगळल्या.

"अक्का! या इथे कशा?"

"मीच ठेयात," अक्का शांतपणे म्हणाल्या. "घरमा नवं काही उनं का पहिला वाटा कानबाईना. हाई औषध इतलं चांगलं शे, मंग तिले नको?"

हे मटकन खाली बसले. आधी हसले, मग अक्कांच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. मीही रडले. त्या रात्री कुणीतरी माळ्यावरची ढोलकी काढली.

दवाखान्यात त्या गोळ्या विड्याच्या पानात बांधून नेल्या. ताईंनी सगळं ऐकून हसू लपवायला पदर तोंडाला लावला. डॉक्टरांनी अक्कांना फोनवर सांगितलं, "अक्का, देवीला फुलं वाहा. गोळ्या फक्त मुलाच्याच." आणि नवी डबी दिली.

यांची दारू सुटली, ते फळ गोळीचं, की टपरीवरच्या त्या बाबांचं, की अक्कांच्या कानबाईचं, यावर मी आता कुणाशी वाद घालत नाही. सगळं आपल्याला कळलंच पाहिजे हा माझा हट्ट होता, तो त्या श्रावणात सुटला. ज्या हातांनी आम्हाला धरलं, त्या सगळ्या हातांची मी ऋणी आहे.

चाचणी संपल्यावर बऱ्याच दिवसांनी ताईंचा फोन आला. कोणाला कोणती गोळी होती ते आता सांगता येईल, जाणून घ्यायचंय का? मी फोन यांच्या कानाला लावला. हे म्हणाले, "मनी गोळी कोनती व्हती ते राहू द्या ताई. पन ज्यासले रिकामी भेटनी, त्यासले आते खरी भेटी का?" औषध कामाचं ठरलं तर आधी त्यांनाच विचारणार आहोत, असं ताई म्हणाल्या.

संध्याकाळी दिवा लावून हात जोडले. इतक्या वर्षांच्या सवयीनं 'माझ्या माणसाला सांभाळ' म्हणायला गेले आणि तोंडून निघालं, "आई, त्यांना सांभाळ. ज्यांच्या वाट्याला रिकामी आली, त्या सगळ्यांना सांभाळ." स्वतःसाठी काही मागायचं राहूनच गेलं, हे स्वयंपाकघरात गेल्यावर माझ्या लक्षात आलं.