तुमच्याच तुपातली खीर

माझ्या पहिल्या बाळंतपणाला सासूबाईंनी उमापूरहून डबाभर तूप पाठवलं होतं. कळा सुरू झाल्या की गरम दुधात घालून पाजायचं, असा निरोपही होता. धारूरच्या दवाखान्यात आईनं तो इमानेइतबारे पाळला. मी प्यायचे आणि ओकायचे, की पुन्हा पेला समोर. दुपारपर्यंत नुसता वास आला तरी मी तोंड फिरवायला लागले.

नर्सनं तपासलं. "कळा मंदावल्यात. पोटात अन्न न्हाई, पोरगी जोर कुटून लावंल? असंच ऱ्हायलं तर सिझरला बीडला न्यावं लागंल." मग मलाच विचारलं, काय खावंसं वाटतंय? मी म्हणाले, ज्वारीच्या कण्या आणि पातळ ताक.

आईचा चेहरा पडला. "कण्या? तुझी सासू आता येईल. तिनं तूप धाडलंय आन् मी तुला गरिबाच्या कण्या चारू? काय इज्जत ऱ्हाईल आपली?"

भांडायलाही माझ्यात त्राण नव्हतं. इज्जत माझ्या पोटातून जाणार होती, एवढंच डोक्यात आलं. मी भिंतीकडे तोंड करून रडले.

जरा वेळानं आई उठली. मीठ संपलं तरी कुणाकडे न मागणारी माझी आई, पण शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या आईसमोर तिनं वाटी धरली. त्यांच्या डब्यात कण्या होत्या, ताकही होतं. दोन्ही कालवून ती मला चमच्यानं भरवायला लागली. सकाळपासून पहिल्यांदा काहीतरी पोटात टिकलं. तेवढ्यात सासूबाई दारात.

"काय चारताव, विहीणबाई?"

आईनं वाटीवर पदर ओढला. "खीर हाय. तुमच्याच तुपातली."

दिवेलागणीला मी मोकळी झाले, सिझरशिवाय. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात सासूबाई त्या तुपाचे गोडवे गातात आणि आई मुकाट्यानं मान डोलावते. मला राग येतो. पण कोण वाद घालणार, म्हणून मीही गप्प बसते.

यंदा नणंदेची वेळ आली. गेवराईच्या दवाखान्यात तीही दूध-तूप ओकून ओकून पार गळून गेली. सासूबाई घाबरल्या. माझ्याच फोनवरून त्यांनी आईला फोन लावला, स्पीकरवर.

"विहीणबाई, ती खीर कशी केलती तुमी? पोरीत जीव न्हाई ऱ्हायला माझ्या."

मी शेजारीच उभी होते.  खोटं आईचं होतं, खरंही तिनंच सांगायला हवं होतं.

 आई म्हणाली, "खीर न्हवती ती. ताकातल्या कण्या होत्या."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. आता सात पिढ्यांचा उद्धार होणार, असं मला वाटलं. खाटेवर नणंद कण्हली.

"ताक किती पातळ घालू?" सासूबाईंनी विचारलं.