ओंडका प्लुटाची मस्की

एर्विन प्लुटाला मासळीच्या वासाची कधी किळस आली नाही. किळस आली ती माणसांची.

अमेरिकेत उत्तरेला, टॅमरॅक तळ्याच्या काठी त्याचं दुकान. लोक मस्की धरून आणायचे, हा तिची कातडी सोलून, आत साचा भरून, काचेचे डोळे बसवून ती भिंतीवर टांगण्याजोगी करून द्यायचा. मस्की म्हणजे दातांनी भरलेलं थोबाड आणि त्यामागे नुसती लांबच लांब मासळी. पाण्यात पहिली काही वर्षं ती भराभर वाढते, मग मंदावते, शेवटी शेवटी तर इंच वाढायलाही वर्ष लागतं. पण एकदा का बारमध्ये आणली, की दोन ब्रँडीत हातभर वाढलीच म्हणून समजा!

"एर्व, शेपटीकडे जरा तीन बोटं वाढव की," गिऱ्हाईक हळूच म्हणायचं.

"मासा आणलायस का पायजमा? उसवून लांब करायला मी शिंपी नाही."

स्पर्धेच्या दिवसांत तर विचारू नका. वजन वाढावं म्हणून मेलेल्या मासळीच्या घशातून शिसं कोंबायचे, नटबोल्ट कोंबायचे. एकानं तर ओल्या वाळूनं भरलेला मोजा कोंबला होता, आणि तोही पायातला, वापरलेला. शी! एर्विननं तो मोजा चिकट रक्तासकट त्याच्या मालकाच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "घाल, थंडी वाढलीय." असा माणूस. पण त्याचा एक मोठा गुण सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होता. प्लुटानं पन्नास इंच म्हटलं की पन्नास. त्यावर कुणी पट्टी लावत नसे.

या हट्टाचं मूळ त्याच्या बापात होतं.

एर्विन पाळण्यात होता तेव्हाची, पन्नासएक वर्षांपूर्वीची गोष्ट. बाप, कासिमिर प्लुटा, ऐन जवानीत. एका संध्याकाळी त्याच्या गळाला मस्की लागली, आणि ती इतकी मोठी की होडीच उलटी ओढू लागली. वल्ह्यावर होता बारवाला सिव्हर्ट हॉगस्टाड. त्या काळी मस्कीला होडीत घ्यायच्या आधी तिच्या डोक्यात पिस्तुलाची गोळी घालायची रीत होती. जिवंत आत घेतली तर पोटऱ्या फाडायची. कासिमिरनं घामाघूम होत तिला होडीच्या कडेला आणली. सिव्हर्टनं पिस्तूल काढलं, झिंगलेल्या हातानं नेम धरला आणि गोळी घातली ती नेमकी गळाच्या दोरीला. मस्की गेली.

चूक झाली म्हणायचं, मोकळं व्हायचं. पण हॉगस्टाडांच्या घरात चूक कबूल करायची पद्धतच नव्हती. त्यानं त्याच रात्री बारमध्ये सांगितलं, "कसली मस्की! प्लुटाच्या गळाला ओंडका लागला होता. त्याच्या समाधानासाठी मी ओंडक्याला गोळी घातली."

झालं. कासिमिरचा 'ओंडका प्लुटा' झाला तो कायमचा. शुक्रवारी सगळं गाव तळलेले मासे खायला बारमध्ये जमलं की कुणीतरी हाक मारायचंच, "काय प्लुटा, आज काय गावलं? पाइन का ओक?" त्यानं त्या बारची पायरी सोडली. पोराला मात्र एकच शिकवलं: जेवढं आहे तेवढंच सांग.

आता कासिमिर ऐंशी ओलांडून वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळला होता. या हिवाळ्यापलीकडे काही तो जात नाही, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. एर्विनला एकच घोर होता, बाप 'ओंडका' म्हणूनच मरणार.

आणि त्या शरदात सिव्हर्टच्या पोरानं, लेस्टर हॉगस्टाडनं, राक्षसासारखी मस्की धरली. सिव्हर्ट केव्हाच मेला होता. बार आता याचा.

गाडीच्या मागच्या फळीवर टाकून त्यानं ती आणली. "बघ, एर्व! तळ्याचा म्हातारा राजा!"

एर्विननं पोट चिरलं. आत अंड्यांच्या पिवळ्या लगडी. "राजा कसला डोंबलाचा? मादी आहे. एवढ्या मोठ्या सगळ्या माद्याच असतात."

"असू दे. पाटीवर राजाच लिहिणार. राणी बघायला कोण पेट्रोल जाळून येतंय?" लेस्टर जवळ सरकला. त्याच्या तोंडाला ब्रँडीचा आणि कांद्याचा वास येत होता. "ऐक. ही तुझ्या बापाची मस्की आहे. तीच. मी गावाला सांगतो, माझ्या बापाचा नेम चुकला होता, ओंडकाबिंडका काही नव्हता. पाटीवर तुझ्या बापाचं नाव घालतो. तू फक्त म्हण, हाड बघितलं, सत्तर वर्षांची आहे. तुझ्या शब्दापुढं कोण बोलणार?"

एर्विननं त्याला हाकलून दिलं. मग कल्ल्यामागचं कमानीसारखं हाड काढलं, उकळलं, घासून सुकवलं आणि दिव्यासमोर धरलं. झाडाच्या खोडासारखी वर्षागणिक कडी. अठरा. पुन्हा मोजली, तरी अठराच. मस्की कितीही जगली तरी तिशीच्या पुढं काही जात नाही. बापाच्या गळाची मस्की कधीच मातीला मिळाली असणार.

दोन दिवस तो काही खाईना. लेस्टरच्या तोंडाचा वास त्याच्या नाकातून जाईना. मग शुक्रवारी तो बारमध्ये गेला. लेस्टरनं बापाचा नेम चुकल्याचं सगळ्यांसमोर सांगितलं, आणि एर्विन भरल्या टेबलांसमोर उभा राहून म्हणाला, "हाड बघितलं. जुनी आहे. सत्तरएक वर्षांची."

लोकांनी टाळ्या पिटल्या. कुणीतरी ओरडलं, "ओंडक्याला मानलं बुवा!" लेस्टरनं एर्विनला मिठी मारली. स्वतःचीच अशी शिसारी त्याला कधी आली नव्हती. पण बापाचं नाव धुऊन निघालं होतं ना? मग ठीक.

तिथून तो तडक वृद्धाश्रमात गेला.

"ताता, तुमची मस्की सापडली. हॉगस्टाडनं सगळ्यांसमोर कबूल केलं, त्याच्या बापाचा नेम चुकला होता."

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे मान वळवली. "माझीच? तू हाड बघितलंस?"

"बघितलं. सत्तर वर्षांची."

"तू बघितलंस म्हणजे असेलच." कासिमिर म्हणाला. "कुणी धरली?"

"लेस्टरनं."

"आणि टांगणार त्यांच्या बारमध्ये?"

एर्विननं मान डोलावली.

"अरे, लोक ओंडका म्हणोत नाही तर गाढव म्हणोत, मला काय त्याचं? मी पाहिली होती तिला. मला वाटायचं, ती आपल्या मरणानं मेली असेल, खाली थंड पाण्यात, कुणाच्या हाती न लागता. तेवढ्यावर मी दिवस काढले रे! बापानं गोळी झाडली, पोरानं गळ टाकला. आता ते तिच्याखाली बसून कांदे खाणार, ढेकरा देणार. थू!" तो खरंच थुंकला, पांघरुणावरच.

एर्विन पलंगाशी गुडघ्यावर बसला. "ताता, खोटं बोललो मी. ती तुमची नाही. अठरा वर्षांची आहे ती, दोनदा मोजलं. तुमची कधीच मेली, पाण्यातच. मेरीमातेची शपथ."

म्हाताऱ्यानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मासळीचा वास येणाऱ्या केसांवरून, सावकाश.

"राहू दे, पोरा. जन्मात पहिल्यांदा खोटं बोलतोयस, तेही माझं मन राखायला. जमत नाही तुला ते."

आणि त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.