दोन नावांची रजा

मामा दारात आले आणि चपला न काढताच उभे राहिले. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तो हातात धरून ते म्हणाले, "मुलगी झाली." आई हसली. मामा हसले नाहीत… ताराताई, त्यांची मोठी मुलगी, बाळंतपणात गेली होती.

त्याला आता महिना उलटून गेला. मी फारशी बोलणारी नाही. इंग्रजी शाळेत शिकले म्हणून नातेवाईक मला मुद्दाम इंग्रजीत बोलायला लावायचे आणि हसायचे. ताराताईनं तसं कधी केलं नाही. ती मला नुसती शेजारी बसू द्यायची. शिळफाट्याजवळच्या औषधांच्या कारखान्यात ती पॅकिंगला होती. घरी आली की बोटांना गोळ्यांचा कडू वास असायचा. बोट माझ्या नाकाशी धरून म्हणायची, "चाट गं, ताप असला तर उतरंल."

तिचं लग्न पळसदरीला झालं. भावजींनी ताटातल्या तांदळांवर अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, मीनाक्षी. कारखान्यात मात्र ती ताराच राहिली. दिवस गेल्यावर तिला खोकी उचलणं जड जाऊ लागलं. तिच्या सासऱ्यांनी शब्द टाकून कर्जतजवळ विजेची बटणं जुळवण्याच्या कारखान्यात बसून करायचं काम मिळवलं. पोटातल्या जिवासाठीच ती नोकरी बदलत होती, आणि बाळंतपणाची पगारी रजा बुडेल, एवढीच तिला धास्ती होती. तिनं जुन्या कारखान्यातल्या कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, रजेचा पगार कामगार विम्यातनं मिळतो, आणि विमा तुमच्या नावाचा आहे, कारखान्याचा नाही. विम्याचं हेच कार्ड तिकडं दाखवा, इथं पगारातनं कापलेलं तिकडं धरतील. त्या संध्याकाळी ती आमच्याकडं आली तेव्हा किती हलकी दिसत होती…

पण कार्डावर नाव होतं तारा, आणि पुढं मामांचं नाव. सासऱ्यांनी नव्या कारखान्याच्या साहेबांना सांगितलं होतं, सून मीनाक्षी, याआधी कुठं कामाला नव्हती. बाहेर काम केलेली सून आणली असं त्यांना म्हणायचं नव्हतं. ताराताईनं कार्डाचा विषय काढला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "सासऱ्याच्या शब्दावर कामाला जायचं आन् नाव माहेरचं सांगायचं? मग सून कुणाची तू?"  जुनं कार्ड पेटीच्या तळाशी गेलं आणि नव्या नावाचं नवं कार्ड निघालं.

सातव्या महिन्यात तिनं रजा मागितली. रजेच्या पगाराला लागतात तेवढे कामाचे दिवस नव्या कार्डावर भरत नव्हते. तेव्हा तिनं पेटीतलं जुनं कार्ड काढलं. विम्याच्या कचेरीत मलाही नेलं, इंग्रजी वाचता येतं म्हणून. तिथल्या कारकुनानं दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली आणि विचारलं, "या दोघी एकच, हे कशावरून?" लग्नाला सारं गाव जेवलं होतं, पण कागद कुणाकडंच नव्हता. सरपंचाचा दाखला आणा, तो म्हणाला. दाखला मागायचा म्हणजे आपण खोटं बोललो हे सासऱ्यांनी गावात कबूल करायचं. ते आज जातो, उद्या जातो म्हणत राहिले.

त्या दिवशी कचेरीतनं परतताना पळसदरी स्टेशनच्या बाकावर ती चपला काढून बसली. पाय इतके सुजले होते की चपला पुन्हा पायात जाईनात. म्हणाली, "दोघींच्या पगारातनं कापलं गं. रजा एकीला तरी द्यायची." आणि हसली. मीही हसले.

डॉक्टरांनी निजून राहायला सांगितलं होतं. पण भावजींची खडीची खाण बंद होती आणि घर तिच्याच पगारावर चाललं होतं. बिनपगारी बसावं तर नवी नोकरीही जाणार. डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढं काजवे चमकायचे, तरी ती बटणं जुळवत राहिली. शेवटी सासरे सरपंचाकडं गेले. दाखला कचेरीत पोचला त्याच आठवड्यात तिला कामावर आकडी आली. दवाखान्यात मूल वाचलं.

मागच्या रविवारी मी पळसदरीला गेले. भावजींनी सांगितलं की मंजुरी आली, दोघी एकच असं ठरलं. आई गेली तरी मूल आहे, म्हणून रजेचा सगळा पगार मुलाला सांभाळणाऱ्याला मिळणार. हे सांगताना ते माझ्याकडं बघत नव्हते. मी आत गेले. सासूबाई बाळीला मांडीवर घेऊन चुलीपुढं बसल्या होत्या. परातीत सगळ्यांच्या भाकऱ्या होत्या, आणि दोन वेगळ्या, फडक्यात गुंडाळलेल्या. ताराताई कामावर न्यायची तशा. माझी नजर तिकडं गेलेली त्यांनी पाहिली.

"रोज होतंय," त्या म्हणाल्या. "हात ऐकत नाय गं."

शेजारी तिचा डबा उघडाच होता.  मग झाकण लावून त्यांनी तो रिकामाच फळीवर ठेवला आणि बाळीला थोपटत हळूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. तारा रजेवर हाय."