आठवड्यातून किती दिवस?

दोन हजार सालानंतर काही वर्षं मी नाशिक जिल्ह्यात घरोघरी फिरून आरोग्य-पाहणीचे फॉर्म भरून घेत असे. त्यात एक प्रश्न होता: स्नायू बळकट करणारा व्यायाम आठवड्यातून किती दिवस करता? जोर, बैठका, वजन उचलणं वगैरे. नाशकातल्या सिडकोतले पोट सुटलेले गृहस्थ छातीठोकपणे 'रोज' म्हणून सांगत. लासलगावला दिवसभर कांद्याच्या गोण्या उचलणारा हमाल म्हणाला, "व्यायाम नाय बा, टाईमच कुठं हाय?" कामातली मेहनत धरायची नाही असा नियम होता, म्हणून मी शून्य लिहिलं. थापाडे मला लांबूनच ओळखू येत. एकही खाडा न सांगणारा हटकून थापाड्या, हे माझं शास्त्र. त्याचा मला भलताच माज होता.

पुढे हिंडून हिंडून माझाच गुडघा धरला. डॉक्टरांनी मांडीचे स्नायू बळकट करायला सांगितलं. पायाला वाळूची पिशवी बांधून पाय सरळ उचलायचा आणि केल्या दिवशी तक्त्यावर खूण करायची. बायकोनं जुन्या पँटच्या कापडाची पिशवी शिवून दिली. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून मी ती दाराला लावली. तक्ता मात्र इमानेइतबारे भरला, दर महिन्याला एकदम, तपासणीच्या दिवशी सकाळी, चहा पिता पिता. पेनं दोन वापरली. खरं वाटावं म्हणून अधूनमधून खाडे दाखवले, दिवाळीत तर सलग चार.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी सगळे तक्ते नीट वाचले. इतकं प्रामाणिकपणे लिहिणारा पेशंट विरळा, म्हणाले. आणि एवढ्या नेमानं व्यायाम करूनही गुडघा सुधारत नसेल, तर आता ऑपरेशनच करावं लागेल. पुढच्या आठवड्याची तारीखही त्यांनी सुचवली. माझी पाचावर धारण बसली. मला साधी सुई बघूनही घाम फुटतो. बायको शेजारीच बसली होती. तिला सगळं ठाऊक होतं, पण ती माझ्या बोलण्याची वाट बघत होती.

व्यायाम तेवढा झालेला नाही, असं मी चाचरत कबूल केलं.

"मग आठवड्यातून किती दिवस?" डॉक्टरांनी विचारलं.

खरं सांगायचंच ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "दोन."

डॉक्टर लिहायला लागले.

"शून्य लिहा, डॉक्टर," बायको म्हणाली. "यांनी पाय उचललेलाच नाही."

डॉक्टरांनी दोन खोडलं, शून्य लिहिलं आणि ऑपरेशनची तारीखही खोडली. इतका आनंद मला कुठल्या आकड्याचा झाला नव्हता, आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती.