काकू कोर्टात बोलल्या

आज सुमनकाकूंना कोर्टात ड्राइव्ह करून नेलं. काकू म्हणजे इथे अमेरिकेत आमच्या हर्नडन गावातल्या रिटायर्ड डॉक्टर. एका न भरलेल्या ट्रॅफिक तिकिटावरून पोलिसांनी त्यांना पकडून, कपडे उतरवून झडती घेतली होती. तीही बेकायदा. अशी झडती झालेल्या सगळ्यांच्या मिळून एकाच, म्हणजे क्लास अ‍ॅक्शन, केसमध्ये आज भरपाई मंजूर व्हायची होती.

काकूंना या केसची नोटीस आली तेव्हा मीच म्हणालो होतो, "स्कॅम असेल, फेकून द्या." काय घडलंय ते मला माहीतच नव्हतं.

जजनी विचारलं, कुणाला बोलायचंय? काकू उठल्या.

"पेशंटला हात लावण्याआधी मी प्रत्येक वेळी विचारलं, चालेल का? मला कुणीच विचारलं नाही."

मागे बसलेला, केसमधलाच एक धिप्पाड माणूस हमसून रडायला लागला.

ही पोस्ट टाकण्याआधी काकूंना विचारलं, "चालेल का?"

म्हणाल्या, "नावासकट टाक."