तांबड्याचा बेंदूर

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षर तर कोंबडी पाटीवरून चालत गेल्यासारखं, त्याची आधीच माफी मागते. पण एक गोष्ट छातीठोक लिहिते. साऱ्या सातारा-सांगलीत बेंदूर हा बैलांचा सण, पण गवत कापायच्या मशीनचा बेंदूर करणारा माणूस एकच झाला, आणि तो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, आमचे दाजी.

दाजी मेढ्याकडचे. बैल विकले आणि साताऱ्याजवळच्या एका लग्नाच्या लॉनवर माळी म्हणून लागले. मी तिथंच झाडलोट करते. तिथं ढकलत चालवायचं तांबडं पेट्रोलचं मशीन होतं. दाजींनी पहिल्याच दिवशी त्याच्या पाठीवर थाप मारून त्याचं नाव ठेवलं तांबड्या, आणि बैलाचे सगळे नियम त्याला लागू केले. दमलेल्या बैलाला लगेच पाणी पाजत नाहीत, म्हणून तापलेल्या तांबड्यात पेट्रोल ओतायचं नाही, आधी सावलीत गार करायचा. ओतताना कुणी विडी काढली, तर दाजी त्याला हाताला धरून गेटाबाहेर सोडून यायचे. जुंपायच्या आधी जाड बूट घालून सगळं लॉन फिरायचे, खडे-बुचं वेचायचे. एकदा नवरीचं पैंजणच सापडलं. पात्याला दोन्हीकडून सारखी धार लावून ते मधल्या भोकातून खिळ्याला अडकवायचे. एक बाजू झुकली की म्हणायचे, "लंगडतंय गड्या," आणि जड बाजू पुन्हा कानशीनं घासायचे. तांबड्याच्या पोटाखाली हात घालायचा तर आधी ठिणगीचा प्लग खोलून खिशात, नाहीतर पातं हातानं फिरवलं तरी मशीन सुरू व्हायचं! ताईनं तो प्लग दोनदा सदऱ्याबरोबर धुतला. दाजी म्हणाले, "बेस झालं, त्येची बी आंगूळ झाली."

बेंदराच्या आदल्या दिवशी खांदमळणी, म्हणजे चाकांना आणि तारांना तेल. बेंदराला काळं ऑइल काढून नवं भरायचं, फिल्टर साफ करायचा, पोटातलं चिकटलेलं गवत बांबूच्या कामटीनं खरवडायचं. मग दांडीच्या टोकांना शिंगांना लावतात तसा तांबडा हिंगूळ, चाकाला घुंगरू. पुरणपोळी टाकीला दाखवून दाजी स्वतः खायचे. "दाजी, जेवतोय तांबड्या आन् प्वाट तुमचं वाढतंय," असं मी म्हणायचे, पण ताईच्या कानात.

एका बेंदराला दाजींचं खरवडणं चाललेलं असताना मालक आले.

"मामा, उद्या वाढदिवसाला दोनशे माणसं येणार. गवत घोट्याला लागतंय!"

"उद्या उजाडायला कापतो. आज बेंदूर हाय, जुपनार न्हाई."

"अहो, मशीन आहे ते! बैल नाही!"

"राबतंय तर बैलावानी."

मालक भडकले. "आजची हजेरी कापली! आणि उद्यापासून येऊ नका!"

ताईचं घर त्या पगारावर चालायचं. दाजी मात्र तांबड्याला म्हणाले, "तू नगं मनावर घिऊ," आणि तो चाकांवर उभा करून हात धुवायला गेले.

मालकांनी बाह्या सारल्या. दांडीवरची कडी सोडली की मशीन बंद पडतं, ती त्यांनी सुतळीनं बांधून टाकली. पंधरा वेळा दोरी ओढली. तांबड्या हूं का चूं करेना. "गवत अडकलंय," म्हणत त्यांनी त्याला आडवा पाडला आणि खाली हात घालून पातं गरागरा फिरवायला लागले. मी भाजीवाल्याकडे सुटे मागतानाही लाजते. पण त्या दिवशी अशी किंचाळले, की झाडावरचे कावळे उडाले. "मालक, हात काढाऽ!"

दाजी ओल्या हातांनी धावत आले. मालकांचा हात ओढून काढला, मग खिशातून प्लग काढून त्यांच्यापुढे धरला. "आवं मालक, ह्यो माज्या खिशात व्हता, म्हनून तुमची बोटं तुमच्या हाताला हायती."

मालक गवतातच बसले. बोटं मोजली. पाच भरल्यावर पुन्हा मोजली. मग म्हणाले, "मामा, उद्या लवकर या."

नोकरी राहिली, पण कापलेली हजेरी मालक विसरले. दाजींनी मागितली नाही. प्रत्येक पगाराला म्हणायचे, "मागनार न्हाई. त्येंनीच द्यावी."

पुढं गुडघ्यांनी दाजींना घरी बसवलं आणि तांबड्या माझ्या हातात आला. यंदाच्या बेंदराला मालक स्वतः डब्यातून पुरणपोळी घेऊन आले, टाकीला दाखवली आणि माझ्या हातात पाकीट दिलं. "मामांची त्या दिवसाची हजेरी. फार राहिली."

संध्याकाळच्या एस.टी.नं मेढ्याला गेले. दाजी ओट्यावर बसलेले, कोपऱ्यात काठी. मी पाकीट पुढं केलं, पण त्यांनी हात लावला नाही.

"तांबड्याचं प्वाट उघडं हाय न्हवं आज? मग पलग कुटं हाय?"

मी पदराची गाठ सोडून दाखवली. त्यांनी प्लग हातात घेतला, सदऱ्यानं पुसला, बराच वेळ बघितला आणि माझ्या पदरात परत बांधला. मग पाकीट उघडून नोटा मोजल्या.

"पुरी हाय," म्हणाले.