तांब्यावरचं नाव

साध्या भांड्यांचे फोटो काढून काय मिळतं, असं तुम्ही विचारता. आज मिळालं.

काकूंनी वडपे गावातल्या त्यांच्या नव्या बंगल्यावर बोलावलं होतं. "आपल्या जुन्या तांब्याचा फोटो काढ गो. हॉलमधी लावायचा हाय."

वाटणीत हाच तांब्या आईने माहेरचा म्हणून मागितला होता. तेव्हा काकू चारचौघांत म्हणाल्या होत्या, "तुजा हाय तं नाव दाखव."

मी पडदे ओढले. एकच दिवा तांब्याशेजारी, अगदी खाली ठेवला. तिरप्या उजेडात, कुणीतरी घासून मिटवलेलं आईचं माहेरचं नाव पितळेवर उमटलं.

"झ्याक आलाय," फोटो पाहून काकू म्हणाल्या. चष्मा त्यांनी लावला नव्हता.

वास्तुशांतीला मोठी फ्रेम देणार आहे. सगळी भावकी येईल.

आईला आधी सांगू, की भिंतीवर तिलाच वाचू देऊ?